अवकाश, काळ आणि जाणीव: हे ध्यानाचे प्रयोग घरी कुठल्या क्रमाने करायचे आणि नेमकं कुठे चुकतं

बरेच जण मला सांगतात की आम्ही अवकाशावर ध्यान करून बघितलं, काळाचा प्रयोग पण केला, काहीच झालं नाही. काही जण उलटं सांगतात, पहिल्या दिवशी काहीतरी भारी झालं पण नंतर ते परत येतच नाही, आता काय करू. जरा खोदून विचारलं की तीनच गोष्टी निघतात. सुरुवात सरळ जाणिवेपासून केलेली असते, कारण ते सगळ्यात मोठं वाटतं. बघायचं सोडून कल्पना केलेली असते. आणि प्रयोग संपवायचा कसा हे ठरवलेलंच नसतं, टायमर वाजला की बॅग उचलून 8:12 ची लोकल पकडायला पळायचं.

त्यामुळे आधी क्रम सांगते आणि तो कृपया बदलू नका: शरीर, मग अवकाश (म्हणजे आजूबाजूची जागा), मग काळ, मग जाणीव, मग परत येणं. तवा तापायच्या आधी भाकरी टाकली की ती चिकटते, तसं शरीर आणि अवकाश नीट झाल्याशिवाय जाणिवेच्या प्रश्नाला हात घातला की माणूस नुसता विचारात अडकून बसतो.

आणि एक गोष्ट सगळ्या टप्प्यांना लागू आहे. इथे काहीही घडवून आणायचं नाहीये. प्रश्न घेऊन आपल्याच अनुभवाकडे बघायचंय आणि जे दिसतं ते दिसू द्यायचंय, मग ते कितीही साधं असो.

## आधी हे वाचा: कोणी करू नये, कुठे करू नये

पॅनिक अटॅक येत असतील, आजूबाजूचं सगळं खोटं किंवा लांब गेल्यासारखं वाटण्याचा त्रास आधी झाला असेल, मानसिक आजाराची औषधं चालू असतील, किंवा नुकतंच घरात कोणी गेलं असेल आणि झोप उडालेली असेल, तर तिसरा आणि चौथा टप्पा डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करू नका. पहिला टप्पा आणि चालणं एवढं पुरेसं आहे, त्यात कमीपणा काही नाही.

लोकलच्या दारात, प्लॅटफॉर्मच्या कडेला, स्कूटरवर, गॅस चालू असताना आणि पावसाळ्यात भरतीच्या वेळी समुद्राच्या खडकांवर बसून यातलं काहीही करायचं नाही. हे सांगायला लागतं कारण लोक करतात. नजर मोकळी सोडायचा सराव गर्दीच्या दारात उभं राहून करण्यात शौर्य काही नाही.

## पूर्वतयारी

वेळ. मुंबईच्या घरात शांत वेळ मिळत नाही, ती ठरवून काढावी लागते. नळाला पाणी यायची वेळ, डबे करायची वेळ, कामवाल्या मावशी यायची वेळ, या तिन्ही सोडून पंधरा मिनिटं कुठे सापडतात ते आधी बघा. जेवणानंतर लगेच नको, झोप येते. रात्री झोपायच्या आधी तर अजिबात नको, विशेषतः काळाचा प्रयोग, त्याने काही लोकांची झोप मोडते.

जागा. दहा बाय दहाची खोली भरपूर झाली. साधी खुर्ची घ्या, पाठ टेकली तरी चालेल, पण तळपाय जमिनीला पूर्ण लागले पाहिजेत. मांडी घालून गुडघे दुखत असतील तर सगळं लक्ष गुडघ्यात जातं. शांततेची वाट बघत बसू नका. कुकरची शिट्टी, कबुतरं, खालचा रिक्षाचा हॉर्न, हे सगळं दुसऱ्या टप्प्यात कामाला येणार आहे.

सामान. टायमर (मोबाईल फ्लाइट मोडवर, आवाज हलका), टिकटिक करत एकेक सेकंद पुढे सरकणारं भिंतीवरचं घड्याळ, एक वही. चष्मा असेल तर अवकाशाच्या प्रयोगाला काढून ठेवा. फ्रेमची कड नजरेच्या बाजूला येत राहते आणि माणूस त्या कडेच्या आतच बघत बसतो.

तपासा: घरातल्यांना सांगितलंय का? "पंधरा मिनिटं हाक मारू नका" एवढं आईला किंवा बायकोला सांगितलं की अर्धी अस्वस्थता तिथेच जाते. न सांगता बसलात तर कान दाराकडेच राहणार.

## टप्पा 1: शरीराचं वजन

चार-पाच मिनिटं. डोळे मिटा किंवा अर्धे उघडे ठेवा. तळपायांना लादी कुठे लागते ते बघा, टाच, चवडा, बोटं. मग बैठकीची हाडं, मग पाठ टेकली असेल तिथला दाब, मग मांडीवरचे हात. श्वास बदलायचा नाही, तो चालू आहे एवढंच माहीत असू द्या.

इथे घाई होते. लोकांना हे बालवाडीतलं वाटतं आणि ते अर्ध्या मिनिटात पुढे जातात. पण पुढच्या टप्प्यांवर कधी गोंधळ झाला, भीती वाटली, तर परत यायची जागा हीच आहे, तळपाय. ती जागा ओळखीची नसेल तर ऐन वेळी सापडत नाही.

तपासा: डोळे मिटून डाव्या पायाची करंगळी न हलवता जाणवते का? नाही जाणवली तर अजून दोन मिनिटं इथेच थांबा. जाणवलीच पाहिजे असं नाही, फक्त "जाणवत नाहीये" हे तरी स्पष्ट कळलं पाहिजे.

## टप्पा 2: अवकाश

शेवटचे दोन प्रयोग सोडले तर डोळे उघडून करायचा हा टप्पा आहे. मिटून केला की लोक काळं आकाश, तारे, ग्रह असलं काहीतरी कल्पनेत रंगवायला लागतात, आणि मग ते सुंदर असतं म्हणून त्यातच बसतात.

2.1 अंगठा. हात समोर लांब करा, अंगठ्याच्या नखाकडे बघा. डोळ्याला एका वेळी एकदम स्पष्ट दिसतं ते साधारण एवढंच असतं, दोन अंशांच्या आसपास, बाकी सगळं धूसर. नजर नखावरच ठेवून आता त्या धुसर भागाची दखल घ्या. डावीकडे कपाटाची कड, उजवीकडे खिडकीचा उजेड, खाली स्वतःची मांडी. दोन्ही डोळ्यांचं मिळून नजरेचं क्षेत्र आडवं 180 अंशांहूनही थोडं जास्त असतं, पण दिवसभर मोबाईल बघून आपण त्यातलं नखाएवढंच वापरतो. आता हात खाली घ्या, नजर तशीच मोकळी ठेवा.

2.2 मधली जागा. समोरची खुर्ची आणि त्यामागचं कपाट बघा. आता त्या दोघांच्या मधली रिकामी जागा बघा. वस्तूकडे नजर परत परत जाईल, जाऊ द्या, परत मधल्या जागेवर आणा. ही जागा "काही नाही" अशी आहे का, की तिलाही आकार, खोली, उजेड आहे? उत्तर शब्दांत नको. बघत राहा.

2.3 आवाज. डोळे मिटले तरी चालतील. सगळ्यात जवळचा आवाज पकडा, बहुतेक फॅन असेल. मग सगळ्यात लांबचा. आमच्याकडे मुलुंडला पहाटे लांबून गाडीचा हॉर्न येतो, तो पकडते मी. मग दोन्ही एकाच वेळी ऐका. हॉर्न लांब आहे हे कळतं, पण ऐकू येतंय ते कुठे, तिकडे की इकडे? या एका प्रश्नावर मी कितीतरी सकाळी बसलेय आणि अजून कंटाळा आलेला नाही, दर वेळी खोली थोडी मोठी झाल्यासारखी वाटते आणि बाहेरच्या आवाजांचा राग येणं बंद होतं. मुंबईत राहणाऱ्या माणसाला हा फायदा छोटा नाही.

2.4 कातडीची कड. डोळे मिटून हात मांडीवर ठेवा, हलवू नका. दोन मिनिटांनी बघा, हात कुठे संपतो आणि मांडी कुठे सुरू होते ही रेघ नुसत्या स्पर्शाने सापडते का. आठवणीतल्या हाताचं चित्र डोळ्यापुढे येईल, ते बाजूला ठेवा.

सावधान: एका बिंदूकडे टक लावून बघितलं की थोड्या वेळाने आजूबाजूचं पुसट होतं, कधी कधी गायबच होतं. याला ट्रॉक्सलर परिणाम म्हणतात, न बदलणाऱ्या दृश्याला डोळे आणि मेंदू प्रतिसाद देणं कमी करतात म्हणून तसं होतं. भिंत विरघळली, आरसा गायब झाला असं सांगत लोक फार आनंदाने येतात आणि मला त्यांचा आनंद मोडायला आवडत नाही, पण ती प्रगती नव्हे. पापण्या नेहमीसारख्या मिटू द्या, डोळ्यातून पाणी येईपर्यंत बघायचं नाही.

समुद्रावर कधी जायचं? सुरुवातीला नको. नरिमन पॉइंटला जाऊन क्षितिजाकडे बघितलं की कोणालाही मोकळं वाटतं, त्याला प्रयोग लागत नाही, आणि मग घरच्या खोलीत तसं वाटलं नाही की निराशा येते. आधी कपाट आणि खुर्चीमधली जागा दिसू दे. दोन-तीन आठवड्यांनी मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसा, आणि तिथेही क्षितिज सोडून स्वतःचे गुडघे आणि पाणी यांच्या मधली जागा बघा.

पुढे जायच्या आधी तपासा: आवाज, धूसर कडा आणि तळपाय, तिन्ही एकाच वेळी अर्धा मिनिट तरी माहीत राहतात का? राहत असतील तर काळाकडे जा. नसतील तर आठवडाभर इथेच.

## टप्पा 3: काळ

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. कारण "वर्तमानात राहा" हे इतक्या वेळा ऐकलेलं असतं की लोक वर्तमान पकडायला बसतात, मनात "आत्ता, आत्ता, आत्ता" असं म्हणत. तो एक प्रकारचा जप झाला, त्याने मन शांत होईलही, पण काळाबद्दल काही कळत नाही.

3.1 घड्याळ. सेकंद काटा असलेल्या घड्याळापासून नजर दुसरीकडे न्या, मग झटकन काट्यावर आणा. काही वेळा पहिला सेकंद लांब वाटतो, काटा थांबलाय की काय असं वाटतं. डोळा उडी मारतो त्या वेळचं दृश्य मेंदू गाळतो आणि ती फट भरून काढतो, म्हणून हे होतं. चार-पाच वेळा करा, बास. यातून एकच कळायला हवं, की काट्याचा सेकंद आणि आपल्याला वाटणारा सेकंद सारखे नाहीत. हे पुस्तकात वाचून माहीत असणं वेगळं आणि स्वतःच्या भिंतीवर बघणं वेगळं.

3.2 आवाजाचा शेवट. देवघरातली घंटा किंवा काशाची वाटी एकदा वाजवा आणि आवाज विरेपर्यंत ऐका. तो नेमका कधी संपला? संपल्याचा क्षण सापडतो का, की "संपला" हे नंतर लक्षात येतं? तीन वेळा, जास्त नको.

3.3 शब्द. हा लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की करता येतो, उभं असताना नको. "पुढील स्टेशन, दादर" ही अनाउन्समेंट नीट ऐका. "दर" येतो तेव्हा "दा" होऊन गेलेला असतो, तरी आपल्याला पूर्ण "दादर" ऐकू येतं. मग "आत्ता" किती रुंद आहे? त्यात गेलेला "दा" अजून आहे का? इथे लगेच उत्तर शोधायची घाई होते आणि मेमरी, मेंदू असं काहीतरी मनात सुरू होतं. ते बरोबर असेलही, ते नंतर घरी वाचा. आता पुढच्या स्टेशनची वाट बघा आणि परत ऐका.

3.4 सावली. मला सगळ्यात जवळचा प्रयोग हाच आहे. गॅलरीत किंवा खिडकीखाली ग्रिलची सावली पडते तिथे कडेला खडूने रेघ मारा आणि समोर बसा. दहा मिनिटं. सूर्य आकाशात चार मिनिटांत साधारण एक अंश सरकतो, त्यामुळे सावली रेघेपासून हलणार हे नक्की, पण हलताना दिसत नाही. दर वेळी बघावं तर ती स्थिरच, आणि रेघेकडे बघावं तर ती हललेली. मन "आता सरकली, आता" असं म्हणत राहतं, मग कंटाळतं, मग ऑफिसचं काहीतरी आणतं, आणि त्याच वेळी लक्षात येतं की उद्याच्या मीटिंगचा विचार आहे उद्याचा, पण चाललाय इथे, लादीसमोर. या प्रयोगाने माझ्या डोक्यातली उद्याची भीती जितकी हलकी झाली तितकी दुसऱ्या कशाने झाली नाही. सूर्याकडे मात्र थेट बघायचं नाही, नजर लादीवरच.

दुपारी घरी असाल तर अजून एक करा. 12 वाजता सावली सगळ्यात आखूड होईल असं आपण धरतो, मुंबईत तसं होत नाही. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची आहे आणि मुंबई आहे 73 अंशांच्या जरा अलीकडे, म्हणून इथली मध्यान्ह सरासरी 12:39 ला येते, वर्षभरात पाव तास मागेपुढे. मुंबईचं जुनं स्थानिक घड्याळ म्हणूनच 39 मिनिटं मागे होतं आणि ते 1955 पर्यंत इथे वापरात होतं. एक उभी पट्टी घेऊन सावली स्वतः मोजा. "दुपार झाली" हे कोण ठरवतं, हा प्रश्न हातात पट्टी असताना वेगळाच वाटतो. जून ते सप्टेंबर ऊन मिळत नाही, तेव्हा पत्र्याच्या शेडवरून गळणाऱ्या पागोळ्या ऐका, दोन थेंबांच्या मधला वेळ. थेंब मोजायचे नाहीत, मोजायला लागलं की मधला वेळ निसटतो.

3.5 अंतर आणि वेळ एकत्र. रविवारी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसा आणि लांबच्या पिचवरचा बॅट्समन बघा. बॅट बॉलला लागलेली आधी दिसते, टक् नंतर येतो. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणून शंभर मीटरवरचा फटका जवळजवळ तृतीयांश सेकंद उशिरा ऐकू येतो. उजेडालाही वेळ लागतोच, सूर्यापासून आपल्यापर्यंत आठ मिनिटं आणि वीसेक सेकंद. म्हणजे अंगावरचं ऊन आठ मिनिटांपूर्वी निघालेलं, टक् मघाचा, आणि दोन्ही आपल्याला "आत्ता" म्हणून मिळतायत. इथे दुसरा आणि तिसरा टप्पा आपोआप एकमेकांना मिळतात, वेगळं काही करावं लागत नाही.

ज्यांना फार मोठ्या काळाची चुणूक हवी असेल त्यांनी अंधेरीला गिल्बर्ट हिलला जावं. 61 मीटर उंच काळ्या बसाल्टचे उभे खांब आहेत, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे, आणि आजूबाजूला बिल्डिंगा. कोटींचा आकडा मनात घोळवू नका, त्याने काहीच होत नाही. वर बघा, मग स्वतःचा एक श्वास पूर्ण होऊ द्या, मग परत वर बघा. पुरे.

सावधान: काळाच्या प्रयोगात कधी कधी सगळं पडद्यावर चालल्यासारखं, सपाट वाटतं. हलकं असेल तर तळपायांवर या, ते जातं. जात नसेल, भीती वाढत असेल, तर प्रयोग तिथेच थांबवा, उठा, गार पाण्याने तोंड धुवा, कोणाशी तरी बोला. दुसऱ्या दिवशीही तसंच वाटलं तर डॉक्टरांना भेटा, किंवा सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. धीर धरून रेटायची ही जागा नव्हे.

## टप्पा 4: जाणीव

दोन-तीन मिनिटं, जास्त नाही, आणि पहिले तीन टप्पे महिनाभर झाल्यावरच.

बोटाने समोरच्या कपाटाकडे दाखवा, बघा. मग स्वतःच्या पायाकडे, गुडघ्याकडे, पोटाकडे, छातीकडे, दर वेळी बोट जिथे जातं तिथे काय दिसतं ते बघा. शेवटी बोट स्वतःच्या चेहऱ्याकडे वळवा. जिथून बघणं चाललंय तिथे काय दिसतंय? आरशातला चेहरा आठवू नका, फोटो आठवू नका, आत्ता काय दिसतंय तेवढंच. काही सेकंद थांबा, बोट खाली घ्या.

दुसरा प्रश्न. फॅनचा आवाज ऐका. आवाज एक आणि तो कळणं दुसरं, असं वेगळं करता येतं का? मधे रेघ सापडते का? दुसऱ्या टप्प्यात हात-मांडीची रेघ शोधली होती, तशीच शोधा.

आता आपल्या मराठी लोकांची इथली खास अडचण. आपण लहानपणापासून कीर्तन, प्रवचन, पारायण ऐकत आलोय आणि या प्रश्नांची उत्तरं आपल्याला पाठ आहेत. "मी देह नाही", "मी साक्षी आहे", हे प्रश्न विचारायच्या आत जिभेवर येतं. ही वाक्यं मला प्रिय आहेत, घरात रोज हरिपाठ होतो, पण प्रयोगाच्या त्या तीन मिनिटांत पाठ असलेलं उत्तर आलं की बघणं बंद होतं. आमच्याकडे येणाऱ्या एका काकूंना मी सांगितलं की उत्तर आलं तर त्याला नमस्कार करून बाजूला बसवा आणि परत फॅनचा आवाज ऐका. त्यांना ते जमलं, आणि जे संतांनी सांगितलंय त्यावरचा त्यांचा विश्वास त्याने काही कमी झाला नाही.

दुसरी चूक म्हणजे डोळ्यांच्या मागे एक छोटा बघणारा बसवणं. तो पण एक विचारच, दिसणारा, म्हणजे बघणारा नव्हे. आला तर आला, त्याच्यामागे अजून एक बसवत जाऊ नका, डोकं दुखतं, खरोखर दुखतं. डोकं जड झालं की टप्पा संपला असं समजा.

तपासा: कपाळ आवळलंय का? दात दाबलेत का? असेल तर तुम्ही प्रयत्न करताय, बघत नाहीयात. पहिल्या टप्प्यावर परत.

## टप्पा 5: परत येणं

हा टप्पा बहुतेक लोक गाळतात आणि दिवसभर भिरभिरल्यासारखं वाटतं म्हणून तक्रार करतात. टायमर वाजला की लगेच उठू नका. तळपाय. खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मनात घ्या. हाताची बोटं हलवा, सावकाश उभे राहा, पाणी प्या. घरात कोणी असेल तर एखादं साधं वाक्य बोला, "भाजी काय आणायची?" असं काहीही. रस्ता ओलांडायच्या किंवा गाडी चालवायच्या आधी दहा मिनिटं तरी मधे जाऊ द्या. ऑफिसची घाई असेल त्या दिवशी पहिला टप्पाच करा आणि निघा.

## वहीत काय लिहायचं

दोन-तीन ओळी, तारीख टाकून. काय केलं, काय दिसलं, शरीरात काय होतं. "खूप शांत वाटलं", "अद्भुत अनुभव" असले शब्द टाळा, महिन्याने वाचल्यावर त्यातून काहीच कळत नाही. "सावली दोन बोटं सरकली, मधे मेलचा विचार आला, खांदे आवळलेले" हे चालेल. काही झालं नाही त्या दिवशीही लिहा, "घंटेचा शेवट सापडला नाही" ही चांगली नोंद आहे.

महिन्याच्या शेवटी वही एकदा सलग वाचून काढा. ज्या प्रयोगाच्या नोंदी रोज त्याच त्याच शब्दांत यायला लागल्या असतील तो थोडे दिवस बंद करा आणि परत अंगठ्यापासून सुरू करा, कारण तिथे तुम्ही बघायचं थांबवून कालचं आठवून लिहायला लागलेले असता.